सगळ्यांनी काढला तर मीही काढेन

ताई, राम राम. मी साक्री तालुक्यात पांझरेच्या काठावरच्या गावातला शेतकरी. वय ३८. सहा वर्षं नाशिकला कंपनीत होतो, लॉकडाऊनमध्ये घरी आलो तो इथलाच झालो. साडेतीन एकर रान, त्यात बहुतेक कांदा. आमच्या शिवारात ६३ चा डीपी आहे, म्हणजे ६३ केव्हीएचा ट्रान्सफॉर्मर. कागदावर नऊ मोटारी, प्रत्यक्षात चौदा. या रब्बीत तो दोनदा जळाला. दुसऱ्या वेळी नवा यायला अकरा दिवस लागले. वर्गणी काढून ट्रॅक्टर आम्हीच लावला, तोवर माझं कांद्याचं रोप वाळून गेलं. कारण सगळ्यांना ठाऊक आहे. प्रत्येकाच्या स्टार्टरला ऑटो बसवलेला, लाईट आली की चौदा मोटारी एका दमात उठतात. मी सगळ्यांना मारुतीच्या पारावर बसवलं. ऑटो काढायचे, डीपीवरचा भार हलका करणारे कॅपॅसिटर लावायचे, निम्म्यांनी आधी आणि निम्म्यांनी नंतर मोटार चालवायची, असं ठरलं. सगळे हो म्हणाले आणि एकानेही ऑटो काढला नाही. जो तो म्हणतो, ‘मी एकलानी काढीसन काय व्हनार शे?’

शेवटी मी वीज कंपनीकडे लेखी अर्ज दिला, आकडे टाकणाऱ्या पाच जणांची नावं घालून. त्यातल्या दोघांनी तीन वर्षांपूर्वी कोटेशन भरलंय, जोडणी आलेली नाही. तरी नियम तो नियम. अर्जाचं काही झालं नाही, पण गावाने माझ्याशी बोलणं सोडलं. शेजारच्या मळ्यात भरताचा बेत झाला, धूर माझ्या खळ्यावरून दिसत होता, मला बोलावणं नव्हतं. संक्रांतीच्या हळदी-कुंकवाला दोन घरांनी बायकोला टाळलं. माणसाची जातच अशी स्वार्थी असते का? परत नाशिकला जावं का? खरं सांगायचं तर माझाही ऑटो अजून तसाच आहे. सगळ्यांनी काढला तर मीही काढेन.

— एक शेतकरी, ता. साक्री

भाऊ, राम राम.

आधी ऑटोचं बोलू, माणसाच्या जातीचं नंतर.

तुमची बैठक पारावर झाली, म्हणजे उजेडी किंवा दिवेलागणीला, चहाचे कप हातात असताना. तिथे ‘ऑटो काढा’ म्हणणं सोपं आहे. ऑटो काढणं म्हणजे काय, ते रात्री दोनला कळतं. एक आठवडा लाईट दिवसा, एक आठवडा रात्री. जानेवारीची थंडी, हातात बॅटरी, गव्हात काहीतरी सळसळलं की काळजात धस्स. ते रानडुक्कर आहे का बिबट्या, हे बघायला कोणी थांबत नाही. शिवाय घरी म्हातारी आई, ‘आता नको रे जाऊ’ म्हणणारी. अशा माणसाला दोनशे-चारशे रुपयांचा डबा मिळतो आणि तो अंथरुणातून न उठता मोटार चालू करतो. त्याला तुम्ही स्वार्थ म्हणता. मी भीती म्हणेन, आणि थोडी झोप.

तुमच्या नियमात डीपीची काळजी होती, पण रात्री उठणाऱ्याची नव्हती. म्हणून सगळे हो म्हणाले (पारावर नाही कोण म्हणतं?) आणि घरी जाऊन ज्याने त्याने आपल्या जिवाला विचारलं. तुम्हीही विचारलंत, म्हणून तुमचाही ऑटो जागेवर आहे.

आता माझ्या आजोबांचं सांगते. विषय सोडून जातेय असं वाटेल, पण ऐका.

आजोबा पांझरेच्याच एका बंधाऱ्याखालचे. त्यांची जमीन दोन तऱ्हेची होती, काही फडात, म्हणजे बंधाऱ्याच्या पाटाखाली, काही वर माळाला कोरडवाहू. माळाच्या बांधावरून सख्ख्या चुलत भावाशी त्यांचा दावा धुळ्याच्या कोर्टात चोवीस वर्षं चालला. दर पावसाळ्यात ते नांगराचं एक तास (एक चर) बांधात घालायचे, हे आजीनेच मला सांगितलंय, आणि सांगताना तिला हसू आवरत नव्हतं. चुलत आजोबाही पलीकडून तेच करायचे. बांध बिचारा दोन्हीकडून झिजत शेवटी काकडीच्या वेलाएवढा उरला. असा हा माणूस. पण फडात त्यांनी जन्मात कधी चोरून पाणी घेतलं नाही. ‘तुमचा आजा म्हंजे देवमानूस,’ असं फडातले लोक म्हणायचे. माळावरच्यांना विचारलं असतं तर दुसरं ऐकायला मिळालं असतं.

आजोबांचा स्वभाव काही माळावरून फडात उतरल्यावर बदलत नव्हता. बदलत होती ती मांडणी.

फड पद्धत तीन-चारशे वर्षांची जुनी. नदीत बंधारा, बंधाऱ्यातून पाट, पाटाखालच्या जमिनीचे तीन-चार मोठे भाग, ते फड. एका फडात एकच पीक, मालक कितीही असोत. यंदा इथे ऊस तर पलीकडे गहू, पुढल्या साली बदल. पाणी कमी असेल त्या वर्षी किती फड भिजवायचे ते आधी ठरायचं, उरलेला अख्खा फड कोरडा. बहुतेकांचे तुकडे एकाहून जास्त फडांत असत, त्यामुळे कोरड्या फडाची झळ सगळ्यांना थोडी थोडी बसायची, एकाच्याच डोक्यावर नाही. आणि मुख्य गोष्ट, शेतकऱ्याने पाण्याला हात लावायचा नाही. ते काम पाटकऱ्याचं. तो फावडं घेऊन वाफ्यावाफ्याने पाणी फिरवत जायचा. त्याची मजुरी सुगीत धान्यात, सगळ्यांच्या खळ्यावरून मिळायची, म्हणून तो कोणा एकाचा मिंधा नसायचा.

आता सांगा, आजोबांनी पाणी चोरायचं ठरवलं असतं तर कसं चोरणार होते? सगळीकडे गहू असताना त्यांच्या एकट्याच्या तुकड्याला मध्येच पाणी दिलं, तर दुसऱ्या दिवशी सगळ्या फडाला दिसलं असतं. माळाच्या बांधावर मात्र पहाटे पाचला कोण बघतंय!

फार गोडवे गाण्याची गरज नाही. ज्याला जमीन नव्हती त्याला फडात आवाज नव्हता, आणि पाट साफ करायला सगळ्यांत आधी कोणाला हाक जायची हे मला माहीत आहे. पुढे वर धरणं झाली, खाली विहिरी झाल्या, विहिरीवर मोटार बसली, मोटारीला ऑटो बसला. ज्याचं पाणी त्याच्या बटणात. काही गावांत फड अजून तग धरून आहेत, पण तुमच्या चौदा जणांच्या आज्या-पणज्यांना जोडणारा पाट होता, तुम्हाला जोडणारा उरला तो एक डीपी. त्याला ना पाटकरी, ना पाळी, ना कोणी बघणारं.

आता तुमचं शेवटचं वाक्य. ते तुम्ही शरमेने लिहिलंय, पण मला त्या पत्रातलं तेच सगळ्यांत कामाचं वाटलं.

झुरिकच्या अर्थशास्त्रज्ञांनी २००१ साली एक छोटा प्रयोग छापला. काही विद्यार्थी, प्रत्येकाकडे सारखे पैसे, मध्ये एक सामाईक गल्ला. गल्ल्यात जाईल ते वाढतं आणि सगळ्यांत सारखं वाटलं जातं, न टाकणाऱ्यालाही. प्रत्येकाला विचारलं की बाकीच्यांनी अमुक टाकलं तर तू किती टाकशील, तमुक टाकलं तर किती. साधारण निम्मे निघाले ‘ते जेवढं देतात त्या मानाने मीही देतो’ अशा वळणाचे. तीसेक टक्के काही झालं तरी काहीच न टाकणारे. विद्यार्थ्यांचा खेळ आणि कांद्याचं रान यांत फरक आहेच, पण हिशोबापुरतं धरून चला. तुमच्या चौदांत चारेक पक्के फुकटे आणि सात तुमच्यासारखे, वाट बघणारे. आणि असा खेळ पुन्हा पुन्हा खेळवला की काय होतं तेही बऱ्याच प्रयोगांत दिसलंय. फुकट्यांना कोणी काही म्हणत नाही हे पाहून वाट बघणारेही हात आखडता घेतात आणि गल्ला रिकामा होत जातो.

म्हणजे ‘सगळ्यांनी काढला तर मीही काढेन’ आणि ‘मी एकलानी काढीसन काय व्हनार शे’ ही एकच गोष्ट आहे भाऊ. तुम्ही ती मराठीत लिहिली, ते अहिराणीत बोलले. सात जण एकमेकांच्या तोंडाकडे बघत बसलेत आणि सातही जणांना वाटतंय की बाकीचे तेरा स्वार्थी आहेत.

तेव्हा एकेकट्याने काढण्याचा विषयच नको. सगळ्यांचं एकाच दिवशी, एकाच माणसाच्या हातून झालं पाहिजे. आणि ऑटो काढायचेही नाहीत. तुमच्या पट्ट्यातल्या मोटार रिवाइंडिंगवाल्याला विचारा, लाईट आल्यावर ठरावीक वेळाने मोटार उठवणारा टाइमर ऑटोबरोबर बसवता येतो. एकाची मोटार दोन मिनिटांनी, दुसऱ्याची चार, तिसऱ्याची सहा. मोटार उठताना चालत्या करंटच्या पाच ते सात पट करंट ओढते. डीपीवर घाला पडतो तो चौदा जणी एकदम उठतात त्या क्षणी. एकामागून एक उठल्या तर तो दणका वाटला जातो. कॅपॅसिटरही त्याच दिवशी, सगळ्यांचे. ज्याच्या हातात सध्या पैसे नाहीत त्याचे वर्गणीतून घाला. दोनदा डीपी वाहून आणायला काढलीत ना वर्गणी? चौदा मोटारी चालू झाल्यावरही ६३ ला जड जाणारच, म्हणून निम्मे-निम्मे ही तुमची कल्पना सोडू नका, पण ती दुसऱ्या पायरीला. पहिल्या दिवशी माणसाकडून एकच गोष्ट मागावी.

नंबर कोणाचा पहिला, यावरून भांडण होईल. होऊ द्या. चिठ्ठ्या टाका आणि दर महिन्याला नंबर एकेक पुढे सरकवा. यादी कोणाच्या तरी पंपघराच्या भिंतीवर ऑइलपेंटने लिहा, जाता-येता दिसेल अशी. आणि डीपीला एक पाटकरी नेमा. गावात वायरिंग शिकलेला, काम शोधणारा एखादा पोरगा असेलच. महिन्यातून दोनदा चौदा पेट्या उघडून टाइमर जागेवर आहेत का ते बघेल. त्याला सुगीत सगळ्यांनी कांद्याची एकेक गोणी द्यायची, तुम्ही एकट्याने नाही.

दंड ठेवायचा का? तुमच्या मनात तो पहिला आला असणार. इस्रायलमध्ये हैफा शहरात दहा पाळणाघरांत एक प्रयोग झाला होता, २००० साली तो छापून आला. आई-बाप मुलाला न्यायला उशिरा यायचे, म्हणून काही पाळणाघरांनी उशिराला दंड लावला. झालं उलटंच, उशीर वाढला. आधी बाई ताटकळत बसली आहे याची लाज वाटायची. दंडानंतर लाज गेली, पैसे भरले की झालं. पुढे दंड उठवला तरी उशीर काही कमी झाला नाही. पण लगेच दंड वाईट असंही म्हणू नका. तुमच्याच तालुक्यात बारीपाड्याने जंगल राखलंय, तिथे झाड तोडणाऱ्याला दंड आहे आणि तो चालतो. त्या कामासाठी तिथल्या चैत्राम पवार यांना २०२५ साली पद्मश्री मिळाली. फरक एवढाच की तो दंड पाड्याने आपण होऊन, एकत्र बसून स्वतःला लावून घेतलाय, आणि ज्याला दंड होतो तो संध्याकाळी त्याच माणसांत बसतो. तुमच्या चौदांनी आपण होऊन काही ठरवलं तर ठेवा. पहिल्यांदा चुकला तर नुसता चहा पाजायला लावा. वर्गणीत मोजायचा दंड तिसऱ्या खेपेला.

आता अर्जाचं, आणि हे तुम्हाला आवडणार नाही.

आकडा ही चोरीच आहे, वीज कायदा २००३ च्या कलम १३५ मध्ये ती येते. मी आकड्याची बाजू घेत नाही. पण डीपी जळतोय या तक्रारीत डीपीचा भार लिहायचा होता, नावं नाही. आणि ज्या दोघांनी पैसे भरून तीन वर्षं वाट पाहिली, त्यांची नावं बाकी तिघांबरोबर एका ओळीत लिहिणं, हे मला पटलेलं नाही. ‘नियम तो नियम’ लिहिताना तुमचा स्वतःचा ऑटो भिंतीवर होता. गावाला तो दिसत होता. गाव तुमच्यावर रागावलं ते तुम्ही खरं बोललात म्हणूनच असं समजू नका.

त्या दोघांच्या घरी जा. माफी मागायची की नाही ते तुमचं तुम्ही ठरवा, मी असते तर मागितली असती. पण जाताना काही काम घेऊन जा. राज्याची ‘मागेल त्याला सौर कृषी पंप’ योजना आहे, त्यात सर्वसाधारण शेतकऱ्याला किमतीच्या १० टक्के आणि अनुसूचित जाती-जमातीच्या शेतकऱ्याला ५ टक्के भरावे लागतात. अर्ज ऑनलाइन भरायचा असतो, आणि तुम्ही सहा वर्षं कंपनीत काढलीत, तुम्हाला ते जमेल. दोघांतल्या एकाचा जरी सौर पंप झाला तरी तुमच्या डीपीवरची एक मोटार उतरली.

‘गावाने बोलणं सोडलं’ असं तुम्ही लिहिलंय. गाव म्हणजे नक्की कोण? बोटं मोजा. पाच नावांची घरं, त्यांचे भाऊबंद, आणि बाकी? बाकीचे गप्प आहेत ते कोणी आधी बोलावं या विचारात. पुन्हा तोच ऑटोचा प्रकार. पिठाची गिरणी, किराणा, दूध डेअरी, मजूर, यांपैकी काही तुम्हाला कोणी बंद केलंय का? केलं असेल किंवा तसा निरोप फिरला असेल तर गोष्ट वेगळी. सामाजिक बहिष्काराविरुद्ध महाराष्ट्रात २०१६ चा कायदा आहे, तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक लाखापर्यंत दंड, आणि तिथे मी तुम्हाला गप्प बसायला सांगणार नाही. पण भरताला न बोलावणं त्यात बसत नाही. तो रुसवा आहे.

रुसव्यावर आपल्याकडे औषध होतं. श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी आपली खानदेशची देवी, कानबाई, बसते, तुमच्याकडेही बसत असेल. घरातल्या दर पुरुषामागे सव्वा मूठ धान्य मोजून रोट करायचे (दळते-मळते ती बाई मोजणीत नाही, हे मला लहानपणापासून खुपतं) आणि ते रोट भाऊबंदांनीच संपवायचे, बाहेर द्यायचे नाहीत. माझे आजोबा आणि ते कोर्टातले चुलत आजोबा त्या दिवशी एका पंगतीला बसायचे. बसावंच लागायचं, भाऊबंद एकच ना! मला आठवतंय, आजोबा समोर बघायचे नाहीत, मान दुसरीकडे, पण रोटाचं ताट हाताने पुढे सरकवायचे. चुलत आजोबा तसेच, न बघता तुकडा उचलायचे. दुसऱ्या दिवशी दोघं पुन्हा धुळ्याच्या एसटीला, तारखेला. त्या एका ताटाने दावा मिटला नाही. पण चोवीस वर्षांत त्यांच्या पोरांचं बोलणं कधी तुटलं नाही, आणि शेवटी तडजोड केली ती पोरांनीच.

तुमच्या चौदांची कानबाई एक नाही, जातीही एक नसतील. पण भरीत आहे की.

तुमच्या खळ्यावर बेत करा. तुम्हीच. आठवडाभरात, काड्या आहेत आणि थंडी आहे तोवर. चांगली हिरवी भरताची वांगी आणा, कपाशीच्या काड्यांवर भाजा, लाकडाच्या बडजीत हिरव्या मिरचीबरोबर ठेचा, कळण्याच्या भाकरी करा. चौदाही घरी स्वतः जाऊन सांगा. फोन नाही, व्हॉट्सॲप तर मुळीच नाही. त्या पाच घरी आधी. दोन-तीन जण येणार नाहीत. न येऊ द्या. जेवण होईपर्यंत डीपीचं नाव काढू नका. नंतर कोणीतरी काढेलच, शेतकरी एकत्र बसले आणि लाईटचा विषय निघाला नाही असं झालंय का कधी? तेव्हा त्यांना उठवून तुमच्या पंपघरात न्या आणि तुमच्या पेटीत बसवलेला टाइमर दाखवा. हो, तुमचा त्याआधी बसलेला हवा. चौदांत एकाचा बसून डीपी वाचणार नाही, ते खरं आहे. पण ‘सगळ्यांनी केलं तर’ म्हणणाऱ्या सहा जणांना मोजायला एक तरी आकडा लागतो.

नाशिकला जायचं की नाही? कांद्याचं गणित बसत नसेल तर जा, त्यात कमीपणा नाही. माणसांना कंटाळून जाणार असाल तर तिथेही एखाद्या सोसायटीत राहाल आणि तिथेही गच्चीवर एकच टाकी असेल.

एक राहिलं. एवढ्या लांब पत्रात तुमच्या बायकोचं मत कुठेच नाही. हळदी-कुंकवाला दोन घरांनी टाळलं म्हणता, म्हणजे बाकीच्या घरी त्या गेल्या आणि वाण घेऊन आल्या. त्या चौदांतल्या किती घरांशी बोलणं अजून सुरू आहे आणि कुठल्या घरात नेमकं काय शिजतंय, हे तुम्हाला पारावर कळणार नाही, त्यांना आत्ता माहीत असेल. आज रात्री जेवताना विचारा. भरताचा दिवसही त्यांनाच ठरवू द्या.